अळंबीच्या भुकटीचा तपास

ती घटना अजून डोळ्यांसमोरून हलत नाही. मी तेव्हा पारोळा भागात पोलीस ठाण्याचा प्रभारी होतो. सकाळची हजेरी नुकतीच आटोपली होती. बांगड्यांचे दुकान चालवणारी एक बाई आली आणि माझ्या टेबलावर प्लास्टिकचा डबा ठेवून म्हणाली, “साहेब, या भुकटीपायी माझी बहीण जीव घालवेल. पण ती तक्रार देणार नाही, मी देते.”

बहीण अंगणवाडी सेविका होती. तिला स्तनाचा कॅन्सर होता. केमोचे दोन डोस झाल्यावर तिने उपचार सोडले आणि शेजारच्या गावात अळंबी पिकवणाऱ्या एकाची भुकटी सुरू केली. डब्यावर छापले होते: ‘अळंबीतील प्रथिने प्रतिकारशक्ती जागवतात, कॅन्सरची गाठ विरघळवतात.’

ज्या विषयातले कळत नाही तो आधी समजून घ्यायचा, ही माझी पद्धत. डबा घेऊन मी धुळ्याच्या एका कॅन्सरतज्ज्ञांकडे गेलो.

ते म्हणाले, “हे सगळंच हवेतलं नाही. काही अळंब्यांतली प्रथिनं प्रयोगशाळेत प्रतिकारशक्तीच्या पेशींना चेतवतात, कॅन्सरच्या पेशींची वाढही रोखतात. पण तो काचेच्या बशीतला प्रयोग. शुद्ध केलेलं प्रथिन वेगळं, ही भुकटी वेगळी. हिनं गाठ विरघळते हे खोटं. त्या बाईंना लवकर उपचाराला आणा.”

मी अंगणवाडीच्या बाईंना भेटलो. त्या माझ्यावरच चिडल्या. “केमोनं मी अंथरुणाला खिळले होते. त्या भाऊंनी मला उठवलं. तुम्ही त्यांना त्रास देऊ नका.”

बांगड्यांच्या दुकानवाल्या बहिणीची फिर्याद नोंदवून, औषध निरीक्षकांना सोबत घेऊन आम्ही अळंबीवाल्याच्या घरी गेलो. माणूस शिकलेला, बोलायला मऊ. त्याने छापील कागदांची थप्पीच पुढे केली. “वाचा साहेब, परदेशातलं संशोधन आहे.” तासभर विचारपूस केली, पण तो जागचा हलेना. निव्वळ खोटे बोलणारा कुठेतरी अडखळतो. याच्याजवळ अर्धे खरे होते, त्यामुळे तो निवांत होता.

डब्यांचा पंचनामा चालू असताना माझे लक्ष ओट्यावर बसलेल्या त्याच्या आईकडे गेले. पदर कपाळापर्यंत घट्ट ओढलेला, आणि भुवयांना एक केस नाही. मी जवळ जाऊन बसलो.

“अक्का, तब्येत बरी नाही का?”

“माले कॅन्सर शे, भाऊ. दवाखानाम्हा सलाईन लावतस. पोऱ्या सोता लई जास.” म्हणजे मुलगा स्वतः तिला केमोला नेत होता.

“आणि ही भुकटी?”

“हाई माले देत नही तो.”

आत येऊन मी त्याला एवढेच विचारले, “आईला डबा का दिला नाहीस?”

त्याने हातातले कागद खाली ठेवले. मग म्हणाला, “आई आहे, साहेब.” त्यानंतर त्याने सगळे कबूल केले. आईच्या उपचाराची फाईल कपाटात सापडली, तीही पंचनाम्यात घेतली.

अंगणवाडीच्या बाईंना हे सांगितले, तर त्यांचा विश्वास बसेना. म्हणून त्यांच्या बहिणीसह आणि महिला कॉन्स्टेबलसोबत त्यांना म्हातारीकडे पाठवले. मी दाराबाहेर थांबलो. म्हातारीने डोक्यावरचा पदर मागे सारला. “देख बहीन, बठ्ठा केस गया व्हतात. आते परत येवाले लागनात.” बाईंनी त्या बारीक खुंटांवरून हात फिरवला आणि तिथेच रडू लागल्या.

त्याच आठवड्यात त्या दवाखान्यात परतल्या. मधले महिने वाया गेल्याने शस्त्रक्रिया मोठी करावी लागली, पण त्या वाचल्या. आज त्या अंगणवाडीत रुजू आहेत. अळंबीवाल्यावर आम्ही दोषारोपपत्र दाखल केले. त्याला शिक्षा झाली.

धादांत खोट्याला माणसे सहसा फसत नाहीत. थोड्या खऱ्याच्या आडोशाने आलेले खोटे मात्र ती घरात घेतात. म्हणून पुढे निवृत्त होईपर्यंत, लोकांना उपाय विकणारा कोणीही समोर आला की मी त्याचे कागद नंतर वाचत असे. आधी विचारत असे, तुझ्या घरात कोणी आजारी पडले तर तू काय करतोस?