म्हात्रेभाऊंनी राखलेला दिवा

ज्याला देव नाही त्याला कसला आलाय धरबंध, असं मी खुशाल बोलून जायची. पनवेलच्या आमच्या चाळीत शेजारी म्हात्रेभाऊ एकटेच राहत. मूळचे गव्हाणचे, कळंबोलीच्या लोखंड बाजारात नोकरीला. देव मानत नाही, हे ते उघड सांगत. माझा टोमणा ऐकून नुसते हसायचे, त्याने मी आणखीच चिडायची.

नव्वदच्या आसपासची गोष्ट. नवरात्रात घरी घट बसलेले आणि यांचं अपेंडिक्स फुटलं. डॉक्टर म्हणाले, ताबडतोब मुंबईला न्या. त्यात घट बसले की घर बंद ठेवायचं नाही, अखंड दिवा विझू द्यायचा नाही. दिवा विझला की घरधन्यावर येतं, हे लहानपणापासून मनात बसलेलं. चाळीतल्या सगळ्या जणी हळहळल्या, पण प्रत्येकीच्या घरी स्वतःचे घट. घट नसलेलं घर एकच होतं.

"वयनी, तुमी जावा. दिव्याला मी हाय," म्हात्रेभाऊ दारातूनच म्हणाले. तेल, माळ, काजळी झाडणं, सगळं त्यांना समजावून मी निघाले. घाईत एक सांगायचं राहिलं. काजळी झाडण्याआधी त्याच ज्योतीवर दुसरी पणती लावून ठेवायची असते.

ऑपरेशननंतरही यांचा ताप उतरेना. मी उशाशी बसून देवीआईला विनवत होते. अखेर मंगळवारी सकाळी यांनी डोळे उघडले, पाणी मागितलं. दुसऱ्या दिवशी कपडे न्यायला घरी आले, तर दिवा शांत तेवत होता. मी देवीपुढे डोकं टेकवलं.

"वयनी, खोटं नाय बोलनार," मागून म्हात्रेभाऊ म्हणाले. "काल सकाळी काजळी झाडताना दिवा इझला. मीच परत लावला."

"नसतं सांगितलं तर मला कळलंही नसतं."

"तुमी इस्वासानं घर सोपवलंत ना?"

ज्या दिव्यात मी यांचा जीव बांधून ठेवला होता, तो विझला त्याच सकाळी हे शुद्धीवर आले होते. मला रडू कोसळलं. आईला माझ्या वातीची गरज नव्हती. यांना तिने राखलं, आणि घर राखायला तिला न मानणारा माणूस पाठवला. हे त्यांना सांगितलं तर म्हणाले, "देवीनं नाय, मी माज्या पायांनी आलो." मी वाद घातला नाही. तिच्यावर भार टाकायचा तर तिने कुणाच्या हातून काम करवून घ्यावं, हेही तिच्यावरच सोडायला हवं.

दसऱ्याला पहिलं सोनं देवीपुढे ठेवायची आमची रीत. त्या वर्षी ते मी म्हात्रेभाऊंच्या हातावर ठेवलं, आणि देवी रागावेल असं मला एकदाही वाटलं नाही.