आठवी दांडी

स्वतःची तिरडी स्वतःला बांधता येत नाही, एवढी एकच अडचण विठ्ठल डुंबऱ्यांना त्या कामात दिसत होती. बाकी सगळं येत होतं.

टिटवाळ्याला 'मोरया दर्शन'च्या बी विंगमध्ये, चौथ्या मजल्यावर ते आणि चित्राबाई राहत. वय एकाहत्तर. मूळ गाव ओतूरकडचं. तरुणपणी ते परांच्या बांधायला शिकले. इमारत उठत असताना तिच्या अंगाने बांबूंचा जो सांगाडा चढतो, तो काथ्याने बांधायचं काम. कल्याणपासून टिटवाळ्यापर्यंत कितीतरी इमारती त्यांच्या गाठींच्या आधाराने वर गेल्या. मोरया दर्शनची परांचीही त्यांचीच. पुढे लोखंडी पाइप आले आणि विठ्ठलराव घरी बसले.

पण गाठ मारणारा माणूस म्हणून मयतीला त्यांना बोलावणं यायचंच. दोन लांब बांबू, सात आडव्या दांड्या, भिजवलेला काथ्या. कोरडा काथ्या फसवतो, भिजवलेला हाताचं ऐकतो, असं ते सांगत. आजवर किती बांधल्या ते त्यांनी मोजलं नव्हतं. पैसे घेत नसत. चहाही घेत नसत, कारण मयताच्या घरी चूल पेटत नाही.

माघात ते पुतण्याच्या लग्नाला चार दिवस गावी गेले आणि नेमके तेव्हाच दुसऱ्या मजल्यावरच्या प्रीतमचे वडील गेले. प्रीतमची भिवंडीच्या गोदामातली नोकरी दोन महिन्यांपूर्वी सुटली होती. त्याने मोबाइलवर शोधून अंत्यविधीचं पॅकेज बोलावलं. काळ्या टी-शर्टातले चार जण घडीचं स्ट्रेचर घेऊन आले. अर्ध्या वाटेत तिरडी टेकवून फिरवतात तो विसावा दिला नाही, कारण पॅकेजमध्ये विसावा नव्हता. सगळं उरकल्यावर त्यांनी प्रीतमला विचारलं, सेवा कशी वाटली, पाचपैकी किती तारे देणार? प्रीतमने गडबडीत पाच दिले. बिल नंतर आलं. ते वाचून प्रीतम वडिलांइतकाच गप्प झाला.

विठ्ठलराव गावाहून आले ते थेट त्याच्याकडे भेटायला गेले.

"एवढ्या बिल्डिंगीत कुणाला दोन बांबू बांधता आले नाहीत?"

"यूट्यूबवर बघितलं काका. अर्ध्यात नेट गेलं."

विठ्ठलराव घरी येऊन जेवायला बसले. दोन घास झाल्यावर म्हणाले, "मला त्या टी-शर्टवाल्यांच्या हातून जायचं नाही."

"जेवताना नको ते बोलू नका," चित्राबाई म्हणाल्या. "आमटी घ्या."

"घेतो. पण नाही जायचं."

मंगळवारी ते गणपतीच्या देवळात गेले. लोकांना हे काम शिकवू का, असं त्यांनी देवाला विचारलं. देव काही बोलला नाही. त्यांनी त्याचा अर्थ हो असा घेतला आणि घरी येऊन सोसायटीच्या ग्रुपवर मेसेज टाकला: 'रविवारी सकाळी दहा वाजता पार्किंगमध्ये तिरडी बांधण्याचे मोफत प्रशिक्षण. सर्वांनी सहकुटुंब यावे.'

दोघांनी हात जोडल्याचं चित्र टाकलं. एक जण ग्रुप सोडून गेला. तिघांनी सवयीने 'भावपूर्ण श्रद्धांजली' लिहिलं. रविवारी पार्किंगमध्ये विठ्ठलराव, दोन बांबू आणि वॉचमन एवढेच होते, आणि वॉचमनची ड्यूटीच होती.

"सांगितलं होतं ना?" चित्राबाई म्हणाल्या. "उगाच बांधून ठेवली की ती माणूस मागते."

त्यांचाही यावर विश्वास होता. हे काम मयत झाल्याशिवाय करायचं नाही, आणि मयत झाल्यावर शिकायला कुणाचं डोकं ठिकाणावर नसतं. म्हणजे शिकवायचं कधी? आपल्यानंतर टी-शर्टवालेच येणार, हे त्यांना स्पष्ट दिसू लागलं. जिना चढताना आता दर मजल्यावर थांबावं लागत होतं, तिथे उभं राहून ते हाच विचार करत.

दिवसही तसे होते. बी विंगच्या चोवीस घरांपैकी नऊ घरांत कुणी ना कुणी कामावरून कमी झालेलं. मीटिंगमध्ये ठरलं की जे हाताने होईल ते हाताने करायचं. पाण्याची टाकी सभासदांनीच उतरून धुतली. तिसऱ्या मजल्यावरची रुपाली कल्याणच्या एका नर्सिंग होममध्ये रुग्णांची देखभाल करायची, ते बंद पडलं होतं. ती आता घरोघर बीपी बघू लागली. लिफ्टच्या देखभालीचा करार मात्र कुणालाच हाताने करता येण्यासारखा नव्हता, म्हणून लिफ्ट बंद ठेवली.

पाचव्या मजल्यावर काळुराम भोईर राहायचा. सोसायटी ज्या जमिनीवर उभी होती ती त्याच्या वडिलांची. त्याची आई आवडाबाई, वय ब्याऐंशी, गुडघे गेलेले. तिला डोळ्याच्या ऑपरेशनला न्यायचं होतं. काळुराम आणि प्रीतमने तिला प्लास्टिकच्या खुर्चीत बसवून खाली आणायला घेतलं. दुसऱ्या मजल्यावर खुर्चीचा पाय मोडला. आवडाबाईला लागलं नाही, पण तिने त्या जिन्यात काळुरामच्या सात पिढ्यांचा उद्धार केला, आणि त्या पिढ्या तिच्याच सासरच्या होत्या.

आरडाओरडा ऐकून विठ्ठलराव खाली आले. मोडलेली खुर्ची बघितली.

"काळुराम, तुझं बांबूचं बेट आहे ना? दोन लांब आणि एक फोडायला, एवढे आण. डोली बांधू. डोंगरातल्या पाड्यांवर आजारी माणसं डोलीतूनच खाली आणतात."

"डोली म्हंजे..." काळुराम त्यांच्याकडे बघत राहिला. "डुंबरे, दिसायला ती तसलीच होनार ना?"

"सात दांड्या असल्या की तिरडी. आठ दांड्या असल्या की डोली."

हा नियम त्यांनी तिथेच, मोडक्या खुर्चीशेजारी उभ्या उभ्या केला होता. पण तो इतक्या ठामपणे सांगितला की कुणी विचारलं नाही.

पुढच्या रविवारी अकरा जण जमले. विठ्ठलरावांनी काथ्या बादलीत भिजवला आणि एकेकाचा हात धरून गाठ शिकवली. प्रीतमची गाठ दर वेळी सैल पडे. "तू पाकीट बांधतोयस का?" असं ते त्याला विचारत. गोदामात तो खरोखरच पाकिटं बांधायचा, त्यामुळे तो हो म्हणे. रुपालीची गाठ दुसऱ्याच खेपेला बसली. विठ्ठलरावांनी ती अंगठ्याने दाबून बघितली. मग जरा अवघडून म्हणाले, "पोरी, हात चांगला आहे. पण बायका स्मशानात जात नाहीत."

"काका, डोली स्मशानात कशाला जाईल?" रुपाली म्हणाली. मग आवाज उतरवून, "आणि गाठ तर पार्किंगमध्येच मारायची असते ना?"

विठ्ठलरावांनी तिला दुसरा काथ्या दिला.

डोली तयार झाली, पण तिच्यावर झोपायला कुणी तयार होईना. शेवटी आवडाबाईनेच वरून सांगून पाठवलं, "मी बसतंय. माजे वयाला कसला आलाय अपशकून?"

ती आडवी झालीच नाही. पालखीत बसावं तशी दोन्ही बांबू धरून ताठ बसली, त्यामुळे डोकं कुठे आणि पाय कुठे हा प्रश्न त्या दिवशी आला नाही. खाली आणली, वर नेली, पुन्हा खाली आणली. तिसऱ्या खेपेला ती म्हणाली, "मना जरा गच्चीव न्या. आमचं शेत दिसतं का बगतंय." गच्चीवरून ए विंग दिसली. "हां, तितंच हाय," ती म्हणाली. "खालती."

वाटेत ती सारखी सूचना देत होती, याला हळू, त्याला सरळ. खांदेकरी गोंधळले. तेव्हा विठ्ठलरावांनी नियम घातला, "वर जो असेल त्याने बोलायचं नाही. ज्याने गाठ मारली त्याचं ऐकायचं."

डोली मीटरच्या खोलीत उभी करून ठेवली. महिन्याभरात ती चार वेळा निघाली. एकदा मोडलेल्या पायासाठी, एकदा बाळंतपणासाठी, एकदा आवडाबाईच्या दुसऱ्या डोळ्यासाठी आणि एकदा ए विंगवाल्यांनी फ्रिज चढवायला मागितली म्हणून.

चैत्रातल्या एका सकाळी विठ्ठलराव पूजेला बसले होते. गंध उगाळता उगाळता डावा हात जड झाला, कपाळावर घाम आला. गणपतीला गंध लावायचं राहिलं होतं, ते त्यांनी उजव्या हाताने लावलं आणि मग चित्राबाईंना हाक मारली. चित्राबाईंनी दार उघडून जिन्यात हाक मारली. त्या एका हाकेला तीन मजल्यांवरची दारं उघडली.

रुपालीने त्यांना गोळी चघळायला दिली आणि अॅम्ब्युलन्सला फोन लावला. प्रीतम, काळुराम आणि आणखी दोघं डोली घेऊन वर आले. विठ्ठलरावांना तिच्यावर निजवलं, रुपालीने चित्राबाईंच्या जुन्या नऊवारीने त्यांना कमरेशी बांधलं. दोघं जण पायांकडून जिन्याच्या तोंडाशी गेले आणि विठ्ठलरावांनी डोळे उघडले.

"पाय पुढे नको. पाय पुढे मयताचे."

"काका, डोकं पुढे घेतलं तर ते जिन्यात खाली होईल. त्रास वाढेल," रुपाली म्हणाली.

"वाढू दे. डोकं पुढे घ्या."

सगळे थांबले. चौघं खांदेकरी जिन्यात तसेच उभे. मग प्रीतम म्हणाला, "काका, वर जो असेल त्याने बोलायचं नाही. गाठ रुपालीची आहे."

विठ्ठलराव गप्प बसले. नियम त्यांचाच होता.

पाय पुढे करूनच ते निघाले. वर छत जात होतं, मग जिन्याची उलटी बाजू, मग पुन्हा छत. काही करता येण्यासारखं नव्हतं म्हणून त्यांनी पाठीनेच दांड्या मोजायला घेतल्या. मानेखाली एक, खांद्याशी दोन. दुसऱ्या मजल्यापर्यंत सात झाल्या. पुढे घोट्याखाली काही लागतंय का ते कळेना. त्यांनी टाच इकडेतिकडे हलवली. लागली. आठ. मग त्यांनी गणपतीचं नाव घेतलं आणि डोळे मिटले.

तळमजल्यावर सपाटीला आल्यावर प्रीतम अचानक म्हणाला, "थांबा. इथे फिरवू."

"कशाला? अॅम्ब्युलन्स उभी आहे," काळुराम म्हणाला.

"फिरवा म्हणतोय ना. सपाटीला डोकं पुढे चालतं. हो ना गं रुपाली?"

रुपालीने मान हलवली. विसाव्याला फिरवतात तसं त्यांनी विठ्ठलरावांना फिरवलं. गेटातून ते डोकं पुढे करून बाहेर पडले. मागून चित्राबाई त्यांची कवळी आणि आधार कार्ड घेऊन येत होत्या.

अॅम्ब्युलन्सवाल्याने डोलीकडे निरखून बघितलं. "कुठल्या कंपनीचं स्ट्रेचर आहे?"

"बी विंगचं," काळुराम म्हणाला.

नवव्या दिवशी विठ्ठलराव परत आले. डॉक्टरांनी जिने चढायचे नाहीत असं सांगितलं होतं आणि लिफ्ट बंदच होती. त्यामुळे पुन्हा डोली. वर चढताना डोकं उंच राहायला डोकंच पुढे घ्यावं लागतं, तेव्हा वाद झाला नाही. दारात चित्राबाईंनी भाकरीचा तुकडा ओवाळून टाकला. मग गणपतीपुढे साखर ठेवली.

विठ्ठलराव उठून बसल्यावर पहिल्यांदा डोलीकडेच वळले. डावीकडची तिसरी गाठ चिमटीत धरून हलवली.

"ही कुणाची?"

"माझी," प्रीतम म्हणाला.

"सोड आणि परत बांध."

प्रीतम तिथेच दारात बसून ती सोडू लागला. बाकीचे चहा प्यायला आत गेले. या घरी चूल पेटलेली होती. रुपाली बीपीचं यंत्र पिशवीत ठेवत होती, तिला विठ्ठलरावांनी जवळ बोलावलं आणि पायाकडची शेवटची दांडी दाखवली.

"ही आठवी. वेळ आली की एवढी काढायची. बाकी कशाला हात लावायला नको. टी-शर्टवाल्यांना बोलावू नका."

रुपालीने दांडीकडे बघितलं. "काका, ती गाठ मी सगळ्यात घट्ट मारलीय. एवढ्यात सुटायची नाही."

विठ्ठलरावांनी वाकून अंगठ्याने गाठ दाबली. मग नखाने काथ्याचा पीळ उचकटून बघितला. उचकटला नाही.

"बरी आहे," ते म्हणाले, आणि चित्राबाईंना सांगितलं की आपल्यालाही अर्धा कप चहा चालेल.