समोरच्याला चुकवायचं कसं

धारूरच्या पेठेत किराणा विकणारा माणूस टेनिस खेळतो म्हटल्यावर लोक हसणारच. हसले. सोमलिंगअप्पाही त्यांच्याबरोबर हसले आणि खेळत राहिले. हसण्यानं अंगाला भोकं पडत नाहीत, हे दुकानदाराला वेगळं सांगावं लागत नाही.

हे खूळ शिरलं केबलमुळं. त्या वर्षांत गावात डिशच्या छत्र्या लागल्या आणि घराघरांत परदेशी चॅनेलं आली. लोक गाणी बघायचे, अप्पा टेनिस बघायचे. तेही आवाज बंद करून, कारण भाषा कळत नव्हती आणि लागतही नव्हती. हिरवं गवत, पांढरे कपडे, चेंडू इकडून तिकडं अन् तिकडून इकडं. बघता बघता त्यांची तंद्री लागायची. "शिवपूजेत बसल्यावर एवढं ध्यान लागत न्हाई यांचं," असं त्यांची बायको नीलाबाई म्हणायची, आणि ती खोटं कशाला बोलेल?

माल भरायला औरंगाबादला गेले तेव्हा अप्पांनी गुपचूप एक रॅकेट आणली. पण समोर खेळणार कोण? मग त्यांनी जिनिंगच्या आवारातली गोदामाची भिंत धरली. कापसाचा हंगाम सरला की तिथं चिटपाखरू नसायचं. उन्हं उतरायची, पत्र्याची सावली फरशीवर लांब व्हायची, कोनाड्यांत अडकलेला कापूस वाऱ्यानं सुटून हवेत तरंगत राहायचा, आणि अप्पा एकटेच ठक ठक मारत असायचे. मारला की चेंडू परत. मारला की परत. भिंत कधी दमली नाही, कधी रुसली नाही. पण बोललीही नाही ना हो कधी! अशी काही वर्षं गेल्यावर अप्पांना समोर माणूस हवासा वाटायला लागला. फार हवासा वाटायला लागला.

माणसं अंबाजोगाईच्या क्लबात होती. तिथं खरं कोर्ट होतं, जाळी होती, चुन्याच्या रेघा होत्या. बाहेरच्यांना फक्त वर्षातल्या एका स्पर्धेत घ्यायचे. क्लबाचे म्होरके डॉक्टर बद्रीनाथ यांनी अप्पांना सरळ सांगितलं होतं, "अप्पा, एक सामना जिंका, मग दर रविवारी खुशाल या. नियमच आहे, माझा इलाज नाही." गेल्या साली अप्पा हरले. त्याच्या आदल्या सालीही हरले. आता उजवा गुडघा कुरकुरत होता. यंदा जमलं तर जमलं, नाही तर जन्मभर ती भिंत.

बरं, चेंडू जाळीत जात नव्हता, रेघेबाहेर जात नव्हता. मग आपण हरतो कावून? अप्पांना काही केल्या उलगडेना.

सोमवार होता, दुकान बंद. नीलाबाई भाकरी थापत होती. गेल्या साली सामना बघायला ती सोबत गेली होती. थापता थापता तिनं सांगून टाकलं, "अवो, तुमी तर चेंडू त्या माणसाच्या हातात नेऊन देता. गिऱ्हाइकाला पुडा द्यावा तसा. त्याला पळायला नको का लावायला?"

अप्पांचा घास हातातच राहिला. शंभर टक्के खरं होतं. भिंतीपाशी हात एवढंच शिकला होता, की असं मारायचं, चेंडू परत आला पाहिजे. त्यात जन्म दुकानदाराचा. समोरच्याला अवघड जाईल असं वागायचं त्यांच्या रक्तातच नव्हतं.

"मग करू काय?"

"करताय काय! मी हुबी राहते तिथं. मला चुकवा."

झालं. त्या संध्याकाळपासून नीलाबाई पदर खोचून भिंतीपुढं उभी राहायला लागली. पहिला चेंडू थेट तिच्या ओंजळीत. दुसराही.

"फिरून माझ्याकडंच? लगीन होऊन एवढी वर्सं झाली, आता तरी दुसरीकडं बघा की!"

अप्पा लाजले. लाजले आणि पुन्हा तिच्याकडंच मारला.

हळूहळू जमत गेलं. टीव्हीतली माणसं चेंडू यायच्या आधीच खांदा वळवतात, हे अप्पांनी हेरलं होतं. तेही अंग वळवून उभे राहायला लागले, रॅकेट वेळेत मागं नेऊन चेंडू अंगाच्या पुढं गाठायला लागले. मापानं साखर ओतून ओतून मनगटाला झटक्याची सवय लागली होती, ती मोडायला फार त्रास झाला. शेवटी एक युक्ती सापडली. दोनदा डावीकडं मारायचं, नीलाबाई तिकडं कलली की तिसरा उजवीकडं. चेंडू तिच्या बाजूनं सुर्रकन जायचा, ती "गेला, गेला!" म्हणून टाळ्या पिटायची, आणि तिच्या केसांत कापूस अडकलेला असायचा. अप्पा ते बघत उभे राहायचे. दुकानात बसल्या बसल्याही त्यांना आता माणसं दिसायची नाहीत, माणसांमधली रिकामी जागा दिसायची. तूरडाळ मागितली तर चणाडाळ बांधून द्यायचे.

स्पर्धेला समोर कोण आलं? खुद्द डॉक्टर बद्रीनाथ. एवढ्या मोठ्या माणसाला पळवायचं? पण पळवलं. दोघांनी एकमेकांना घामाघूम केलं, आणि खेळ शेवटच्या गुणावर आला. अप्पांनी डावीकडं मारला. डॉक्टरांनी परतवला. पुन्हा डावीकडं. तोही परतवून डॉक्टर धापा टाकत तिथंच थांबले. उजवा कोपरा ऊन पडलेल्या अंगणासारखा मोकळा होता. अप्पांचा हात क्षणभर अडखळला, डॉक्टरांकडंच ओढ घ्यायला लागला. मग खांदा वळला.

चेंडू कोपऱ्यात टप्पा घेऊन मागच्या कुंपणाला जाऊन टेकला. लोक ओरडले. अप्पा मात्र गुडघे वाकवून, रॅकेट पुढं धरून, तसेच वाट बघत उभे.

"अवो," कुंपणापलीकडून नीलाबाई ओरडली, "जिंकलात! आता परत येत न्हाई चेंडू!"

तेव्हा कुठं अप्पांनी रॅकेट खाली घेतली. डॉक्टर जाळीपाशी हात पुढं करून उभे होते. अप्पांनी तो दोन्ही हातांनी धरला आणि खालमानेनं म्हणाले, "माफ करा डॉक्टरसाब. तुमी तिकडं नव्हता, अन् म्या तिकडं मारला."

डॉक्टर पोट धरून हसले. "अहो अप्पा, त्यालाच तर टेनिस म्हणतात! रविवारी सहाला या. मी आहे समोर."

अप्पांनी जोरजोरात मान हलवली, आणि डॉक्टरांचा हात काही सोडला नाही.