शुक्रवारची मोजणी

श्यामकांत टिळेकर खासदार झाले ते दोन मोठ्या माणसांच्या भांडणामुळे. राज्यसभेच्या एका जागेवर पक्षातल्या दोघांनी दावा केला, कोणी मागे हटेना, शेवटी ज्याचा कुणालाच त्रास नव्हता असं तिसरं नाव निघालं. हे मी पदरचं सांगत नाही, ते स्वतःच हसत सांगायचे. एक्कावन्न साली तारखात्यात कारकून म्हणून दिल्लीत आले, करोलबागेत बिऱ्हाड केलं, पुढे जन्मभर युनियन. आणि एकदम राज्यसभा! नॉर्थ अ‍ॅव्हेन्यूत फ्लॅट मिळाला. दुसऱ्याच वर्षी त्यांच्या पत्नी पद्मजाताई गेल्या. मुलगा जयंत बडोद्याला नोकरीत. घरात उरला एक माणूस आणि सोफ्यावर, पलंगावर, स्वयंपाकघरातसुद्धा संसदेचे छापील कागद.

मी गेले ती भांडायलाच. मी सातवी शिकलेली, इंग्रजी शिकले ते इस्पितळांतल्या नोटिसा वाचून. पेशंटच्या उशाशी बसणाऱ्या खासगी आयांची संघटना चालवत होते. इस्पितळ म्हणायचं, या आमच्या नव्हेत. पेशंटच्या घरचे म्हणायचे, या इस्पितळाच्या. कुठल्या रजिस्टरात नाव नाही. पाच खासदारांच्या दारातून चहा पिऊन परत आले होते. सहावे हे.

"चहा नको," मी दारातच सांगितलं.

"बरं झालं," ते म्हणाले. "दूध फाटलंय."

त्यांनी खासगी विधेयक लिहिलं. सरकारचं नव्हे, एकट्या सभासदाचं. दीड वर्ष त्यात गेलं. भगवती नावाची आमची गढवाली आया त्यांना समोर बसवून सांगायची, "लिखो बाबूजी, बैठने को स्टूल." आणि ते खरंच लिहायचे. कलम सात: बसायला स्टूल.

अशी विधेयकं निघतात शुक्रवारी दुपारी, तीही चिठ्ठीत नंबर लागला तर. निम्मे सभासद तेव्हा गाडी नाहीतर विमान पकडायला निघालेले असतात. सभागृह चालायला पंचवीस डोकी लागतात, पण शुक्रवारी डोकी मोजायची नाहीत अशी तिथली रीत. सभासद बोलतो, मंत्री गोड उत्तर देतो, विधेयक मागे घ्या म्हणतो, सभासद मागे घेतो. सगळे खुश, चलो घर.

श्यामकांतरावांचा नंबर लागला तो शह्याऐंशीच्या मार्चमध्ये. एप्रिलमध्ये त्यांची मुदत संपत होती. माणूस निवृत्त झाला की त्याचं विधेयकही जातं. म्हणजे एकच शुक्रवार.

आदल्या संध्याकाळी त्यांनी मला बोलावलं. मंत्र्यांनी निरोप पाठवला होता: मागे घ्या, मी सभागृहात समितीचं आश्वासन देतो.

"घ्यावं असं वाटतं मला," ते म्हणाले. "सभागृहात दिलेलं आश्वासन लिहिलं जातं. त्याचा पाठपुरावा करता येतो."

"आश्वासनं आमच्याकडे पोतंभर आहेत. मत मागा. किती बाजूने, किती विरुद्ध, आकडा द्या माझ्या बायकांना."

"मत मागितलं की मोजणी आली. मोजणीत पंचवीस भरले नाहीत तर सभागृहच उठेल. मग हरलो असंही नाही."

"म्हणजे घाबरलात."

त्यांनी सोफ्यावरचे कागद गोळा करून बाजूला ठेवले. मग म्हणाले, "विश्वास येतो म्हणालाय. दहा-बारा जणांना घेऊन."

हे विश्वास त्यांच्याच पक्षाचे खासदार. पाच वर्षं विश्वासरावांचं विधेयक असेल त्या प्रत्येक शुक्रवारी श्यामकांतराव बाकावर बसून राहिले होते. एकदा तर ताप अंगात घेऊन.

दुसऱ्या दिवशी आम्ही बारा जणी वर गॅलरीत. पिशव्या, छत्र्या, भगवतीची तंबाखूची डबीसुद्धा बाहेर जमा. खाली तेरा सभासद, मी दोनदा मोजले. श्यामकांतराव चाळीस मिनिटं बोलले. स्टूलचं कलम वाचलं तेव्हा एक जण हसला आणि भगवतीने माझा हात असा दाबला की बांगडी रुतली.

मंत्री उठले. सरकारला सहानुभूती आहे, समिती नेमू, माननीय सदस्यांनी विधेयक मागे घ्यावं. रीतीप्रमाणे सगळं.

श्यामकांतराव उभे राहिले. वर पाहिलं. माझ्याकडेच. मी मान हलवली: नाही.

"मागे घेत नाही," ते म्हणाले. "मतदान घ्यावं."

पीठावर बसलेल्या उपसभापतींनी चष्मा काढून त्यांच्याकडे पाहिलं. मग सभासदांना आत बोलावणारी घंटा सुरू झाली, इमारतभर घणघणत राहिली. श्यामकांतराव उभेच होते, तोंड दाराकडे. दोघे आत आले, दोघेही विरोधी पक्षाचे. विश्वासराव आले नाहीत. मागाहून कळलं, कॉफी घेत होते.

"कोरम नहीं है. सदन स्थगित."

"क्या हुआ दीदी? जीते कि हारे?" भगवती विचारत होती. विधेयक पडलं नाही, मागे घेतलं गेलं नाही, आश्वासनही गेलं. एप्रिलमध्ये ते कागदावरून पुसलं गेलं.

नंतर मी त्यांच्याकडे गेलेच नाही. स्वतःची चूक असली की मला दुसऱ्याचाच राग येतो. ते मयूर विहारला दोन खोल्यांत राहायला गेले एवढं कानावर होतं. दिसायचे ते जानेवारीत, पानिपतला. दिल्लीतल्या मराठी मंडळाची बस काला अंबला, लढाईच्या स्मारकाला, जायची. खासदार होते तोवर पहिला हार त्यांच्या हातचा. आता ते मागच्या सीटवर, मांडीवर डब्याची पिशवी घेऊन, आणि हार दुसऱ्याच कुणाच्या हातात. मी पुढे बसायचे. मागे वळून पाहायचे नाही.

नऊ वर्षांनी भगवती गेली. तेराव्याहून परतताना मी सरळ मयूर विहार गाठलं. शुक्रवार होता. ते कोट घालून निघालेच होते, हातात जुनी रेक्झिनची बॅग.

"संसदेच्या सेंट्रल हॉलमध्ये," ते म्हणाले. "माजी सदस्यांना बसता येतं. दर शुक्रवारी जातो. विधेयक नव्याने टाईप केलंय, कोणी मांडणारा मिळतो का बघतो."

"मिळाला?"

"टोस्ट बरा मिळतो."

रिक्षात मी सांगून टाकलं. "त्या दिवशी मी तुम्हाला डिवचलं. चुकलं माझं."

"तुमच्यासाठी नाही मागितलं मत," ते म्हणाले. "माझ्या बाजूने कोण उभं राहतं ते मला बघायचं होतं. सहा वर्षं बसलो होतो तिथे. तुमच्या बायकांचं विधेयक मी त्यापायी घालवलं."

फाटकापाशी उतरलो तेव्हा मी म्हटलं, "कोणी मांडलं तर त्याला सांगा, आश्वासन दिलं तर घेऊन टाक. मागे घे."

"आता आश्वासनसुद्धा कोणी देत नाही हो," ते हसले.

शिपायाने पास पाहिला. तो एकट्याचाच चालतो. बॅग सांभाळत ते आत गेले. वळणावर थांबून त्यांनी मागे पाहिलं, मी अजून आहे का ते. मी होते.