ऐकू येतंय ते सांगा

लिफ्टमधल्या लाल आकड्याने सहा दाखवला तरी बनसोडेकाका लगेच बाहेर पडत नसत. आधी मान बाहेर काढून समोरच्या भिंतीवर रंगवलेला सहा बघायचे. दोन्ही सहा जुळले की मगच पाऊल टाकायचे. लिफ्टमधली रेकॉर्डवरची बाई मजला केव्हाच सांगून मोकळी झालेली असायची, पण तिचं काकांनी कधी मनावर घेतलं नाही.

दिल्लीतल्या द्वारकेच्या आमच्या सोसायटीत मराठी घरं मोजकीच. त्यातलं काकांचं दार माझ्या दारासमोर. माणूस मूळ बार्शीचा, पण सगळी नोकरी दिल्लीत, केंद्र सरकारच्या दक्षता विभागात. लोकांवर संशय घेणं हेच काम. निवृत्त झाल्यावर लक्ष्मीबाई नगरचं क्वार्टर त्यांनी सरकारला परत केलं, संशय तेवढा परत करायचा राहून गेला. समोरचा बोलायला लागला की ते त्याच्या डोळ्यांकडे नाही, तोंडाकडे रोखून बघत. गेटवरचा गार्ड त्यामुळे चळचळा कापायचा. बेल वाजवली तर दार उघडत नसत. "बेल वाजवणारा काहीतरी विकायलाच येतो," असं त्यांचं मत. "ज्याचं खरं काम असतं तो लेखी कळवतो." त्यामुळे वाटीभर आमटी द्यायची असली तरी मी आधी मेसेज टाकत असे आणि मग दाराशी जाऊन उभी राहत असे.

काकू गेल्यापासून पुण्याच्या मुलीचा धोशा होता, बाबा इकडे या. शेवटी बापलेकीत तह झाला. काकांनी रोज सकाळी सायकलवर फेरी मारून फोटो पाठवायचा. फोटो येतोय तोवर दिल्लीत खुशाल राहा, पण ज्या दिवशी काही बिनसलं त्या दिवशी बॅग भरायची. म्हणून काका त्या गिअरच्या सायकलीला जिवापाड जपत. मेकॅनिकचा हात लागू देत नसत. खोलणं, पुसणं, गिअर लावणं, सगळं घरच्या बाल्कनीत.

गुडगावच्या ऑफिसात बसून बसून माझी कंबर धरली, म्हणून मीही सायकल घेतली. मार्केटमधून गिअर सेट करून आणले, तर चेन आधीपेक्षा जास्त उड्या मारायला लागली. बेसमेंटमध्ये काका माझ्या सायकलीवर वाकून बघत होते.

"दुकानात तुम्ही समोर उभ्या होतात?"

"जरा कॉफी घ्यायला गेले होते."

"झालं. तेवढंच हवं असतं त्यांना. वर घेऊन या, मी शिकवतो."

नवऱ्याला सांगितलं तर तो हसलाच. "यार, जो माणूस कुरिअरवाल्याला स्वतःचं नाव सांगत नाही, तो तुला घरी बोलावून शिकवणार? कुछ तो गडबड है." मला हे पटलं. तरी गेले, आणि वर्षभर जात राहिले. संशय मात्र मनातून गेला नाही. या माणसाला माझ्याकडून नक्की काय हवंय?

शिकवणी बाल्कनीत चालायची. कधी माझ्या, कधी त्यांच्या सायकलची सीट दोरीने ग्रिलला बांधायची, म्हणजे मागचं चाक अधांतरी. मी हाताने पेडल फिरवायचं, काका एकेक गिअर टाकणार. एका क्लिकला चेन एकच घर चढली पाहिजे आणि एकच घर उतरली पाहिजे. काकांच्या लेखी ती सगळी चौकशीच होती. "गिअर बिघडला की लोक चेन सरकवणाऱ्या डिरेलरला धरतात. तो बिचारा मागे लोंबकळताना दिसतो ना, म्हणून. खरी गुन्हेगार वायर. कव्हरच्या आत लपून बसते आणि गुपचूप ढिली होत जाते." डिरेलरवरच्या दोन बारीक स्क्रूंना हात लावायची मला बंदी होती. "ते निर्दोष आहेत. त्यांना उगाच गोवू नका." हे सगळं ते फोनवरचे व्हिडिओ बघून शिकले होते, तेही आवाज बंद करून. "माणूस काय बोलतो ते सोडा, मॅडम. हात काय करतात ते बघा."

मग ते वायरचा ताण बदलणाऱ्या गोल स्क्रूवर बोटं ठेवत आणि माझ्या तोंडाकडे बघत.

"काय ऐकू येतंय, ते सांगा. वाटतंय ते नको. ऐकू येतंय ते."

"टिकटिक."

"चढताना की उतरताना?"

"चढताना."

स्क्रू पाव फेरा फिरे. "आता?"

"कमी झाली."

"कमी म्हणजे? साक्ष नीट द्या."

मला राग यायचा. उत्तर यांना माहीत आहे, उगाच परीक्षा घेतायत, असं वाटायचं. एकदा मुद्दाम चुकीचं सांगून बघावं, असंही मनात येई. पण हळूहळू माझा कान तयार झाला. चेन वरच्या चकतीला नुसती घासतेय की चढायला धडपडतेय, हे मला न बघता कळायला लागलं. एरवी कुणाला न जमलेलं काहीतरी मला जमतंय, याचा मनापासून आनंद व्हायचा.

एका रविवारी सकाळी आम्ही दोघं सेक्टरच्या रुंद रस्त्याला लागलो. काका पुढे, मी मागे. त्यांची चेन इतकी खडखडत होती की मला मागून सहन होईना. मी हाक मारली. ते मजेत पेडल मारत राहिले. तेवढ्यात सिग्नलपासूनच हॉर्न वाजवत आलेला पाण्याचा टँकर माझ्या शेजारून पुढे गेला. काका रस्त्याच्या मधोमध. मी किंचाळले. टँकरवाल्याने ऐन वेळी गाडी वळवली, शिवी हासडली आणि तो निघून गेला. काकांनी दचकून सायकल कडेला घेतली.

"बघितलंत? हॉर्न द्यायचीसुद्धा पद्धत राहिली नाही."

मी त्यांच्याकडे बघतच राहिले.

घरी आल्यावर त्यांची सायकल ग्रिलला बांधली. मी पेडल फिरवलं. त्या खडखडाटाने एसीवर बसलेली कबुतरंसुद्धा उडाली.

"काय ऐकू येतंय?"

"काही नाही."

"छान," म्हणत काका दोरीची गाठ सोडायला लागले.

मी त्यांच्या समोर जाऊन उभी राहिले. "काका, मी खोटं बोलले. चेन खडखडतेय. आणि तो टँकरवाला सिग्नलपासून हॉर्न वाजवत होता."

ते माझ्या ओठांकडे बघत राहिले. मग दोरी हातात तशीच धरून स्टुलावर बसले. "सापळा चांगला लावलात," म्हणाले.

मला एकेक गोष्ट उलगडायला लागली. न उघडलेलं दार, लेखी कळवा, आवाज बंद केलेले व्हिडिओ, लिफ्टमधून काढलेली मान. परीक्षा कधी नव्हतीच. ते मला खरोखरच विचारत होते. त्यांना विद्यार्थिनी नको होती, कान हवे होते. क्षणभर मला भयंकर राग आला, आणि लगेच रडू आलं.

"मुलीला सांगणार?"

"आज तुम्ही गेला असतात, काका."

"कान गेले म्हटलं की आधी सायकल जाईल, मग मी. तिकडे मला खुर्चीत बसवून ठेवतील. प्रेमानेच ठेवतील, पण ठेवतील."

"मी नाही सांगणार. तुम्हीच सांगा. पण सांगेपर्यंत सायकल रस्त्यावर न्यायची नाही."

"हे लेखी द्या," ते सवयीने म्हणाले. मी तिथेच बसून मेसेज लिहिला आणि त्यांच्या खिशातला फोन थरथरला.

त्यानंतर ते मला टाळायला लागले. मी लिफ्टमध्ये शिरले की त्यांना हमखास काहीतरी विसरल्याचं आठवे. मग एके दिवशी मुलीला पाठवलेला मेसेज त्यांनी मलाही पाठवला. "कानांनी कमी ऐकू येते. बराच काळ लपवले. पुढील कार्यवाही तू ठरव."

मुलगी आली. भांडली, रडली, त्यांना डॉक्टरकडे घेऊन गेली आणि दोन्ही कानांना मशीन बसवून आणलं. मशीनवर काकांचा पहिल्याच दिवशी संशय. "हे सगळ्यांचाच आवाज वाढवतंय. कुकर, कबुतरं, वरच्यांची खुर्ची. असला साक्षीदार काय कामाचा?" पुण्याला जायचं ठरलं, ते काही टळलं नाही. पण मुलगी म्हणाली, "सायकलपण येतेय, बाबा. मशीन लावून चालवायची." तेव्हा काकांनी खिडकीकडे तोंड फिरवलं.

जायच्या दिवशी सामानवाले यायच्या आधी त्यांचा मेसेज आला, "गिअर बघायचे आहेत." मी गेले. घर खोक्यांत भरून झालं होतं. बाल्कनीत सायकल ग्रिलला बांधलेली होती. काकांनी वायरचा स्क्रू धरला, मग काय वाटलं कोण जाणे, दोन्ही कानांतली मशीनं काढली, डबीत ठेवली आणि डबी बंद केली.

"काय ऐकू येतंय, ते सांगा."

मी पेडल फिरवलं. त्यांनी एकेक गिअर चढवला, एकेक उतरवला. मी डोळे मिटून ऐकलं. कुठेही काही घासत नव्हतं.

"काही नाही," मी म्हणाले.

त्या दिवशी खोटं बोलले होते तेही याच शब्दांत, हे तोंडातून निघाल्यावर माझ्या लक्षात आलं. त्यांच्याही आलं असणार. त्यांनी माझ्या तोंडाकडे बघितलं. हात डबीकडे गेला, तिच्यावर थोडा वेळ राहिला.

"बरं," म्हणाले, आणि डबी न उघडता दोरी सोडायला लागले.