मागच्या ओळीतली मुकी

"तू गाऊ नकोस. फक्त ओठ हलव."

सर हे सगळ्यांसमोर म्हणाले. अमरावतीचं कॉलेज, युवक महोत्सवाची तालीम, समूहगीत. सहा मुली हव्या होत्या आणि सहावी मिळत नव्हती, म्हणून मला घेतलेलं. बाकीच्या पाचजणी वकिलांच्या, प्राध्यापकांच्या घरच्या, लहानपणापासून गाण्याच्या क्लासला जाणाऱ्या. मी हिवरखेडची. शेतकऱ्याची.

"सर, मी हळू म्हनतो ना," मी म्हटलं.

पाचही जणी फिस्सकन हसल्या. आमच्याकडे बाया 'मी करतो, मी जातो' असंच बोलतात. सरांनी हार्मोनियमवरचा हात उचलला. "आधी नीट बोलायला शीक. हा आवाज शेतात ठीक आहे, पाखरं हाकलायला. उंची बरी आहे तुझी, मागच्या ओळीत शोभशील. ओठ मात्र बरोबर हलव, परीक्षकांचं लक्ष असतं."

मी मान डोलावली. कारण निवड झाल्याचं घरी फोनवर सांगून बसले होते. बाबांनी ते अख्ख्या गल्लीत सांगितलं होतं.

पाखरांचं सर काही खोटं बोलले नव्हते. ज्वारीत दाणा भरला की आमच्याकडे राखण करावी लागते. शेताच्या एका धुऱ्यावर, म्हणजे बांधावर बाबा, दुसऱ्या धुऱ्यावर मचाणावर मी. पोटातून ओरडायचं, "हाऽऽ हुर्रऽऽ", आणि तेलाचा रिकामा डबा बडवायचा. थवेच्या थवे उठायचे. बाबा लोकांना सांगायचे, "माया पोरीचा हाकारा शंभरात वळखतो मी." त्या आवाजाची मला कधी लाज वाटली नव्हती. ती सरांनी एका मिनिटात शिकवली.

महोत्सवात आमचा पहिला नंबर आला. बाबा एसटीने आले होते, इस्त्रीचा सदरा घालून, पुढच्या रांगेत. मी मागच्या ओळीत ताठ उभी. ओठ हलवत होते. शब्द बरोबर, हसू बरोबर, घशात काही नाही. कार्यक्रम संपल्यावर बाबांनी रुमालाने डोळे पुसले.

"तुया आवाज बराबर आयकू आला मले. समद्यात येगळा."

मी त्यांना चहा पाजला, बसमध्ये बसवून दिलं. मग स्टँडच्या संडासात कडी लावून तोंडात ओढणी कोंबून रडले. रडण्याचासुद्धा आवाज होऊ नये म्हणून. इतकी तयार झाले होते मी.

त्यानंतर मी बोलणंच सोडलं. हजेरीला नुसता हात वर करायचे. दुकानात बोट दाखवून वस्तू मागायचे. होस्टेलवर माझ्या खोलीत रोशनी होती, वरूडच्या संत्रा बागायतदाराची मुलगी. घरी भांडून तिने इलेक्ट्रिक गिटार मिळवलेलं. एका दुपारी तिने माझ्या कानात इअरफोन कोंबले. "आयक. नाई आवडन तुले. पन आयक."

कुणीतरी बाई किंचाळत होती. भाषा कळत नव्हती. गिटार असं वाजत होतं, जसं डांबरी रस्त्यावरून कुणी पत्रा ओढत नेतंय. सूर नाही, गोडवा नाही, मुखडा-अंतरा तर नाहीच. मी इअरफोन काढून फेकले. थोड्या वेळाने स्वतःच उचलले. हिलाही कुणीतरी गप्प बस म्हटलं असणार, आणि हिने त्याचं काहीएक ऐकलं नाही, एवढं मला कळलं. भूक लागल्यासारखं झालं.

लोक विचारतात, या कल्ल्यात आहे काय? पोरांचं खूळ आहे, दोन वर्षांत जाईल. कुठे जातंय? मी जन्मायच्या आधीपासून लोक असे ओरडतायत, कुठल्या कुठल्या तळघरांत, गॅरेजांत, आणि ऐकणारा दरवेळी नवीन मिळतोच. मिळणारच. गोड गाण्यात पुढे कोण, मागे कोण हे आधीच ठरलेलं असतं. त्यासाठी गुरू लागतो, घरात हार्मोनियम लागते, घासूनपुसून स्वच्छ केलेली जीभ लागते. इथे काहीच लागत नाही. फक्त आतून जाळ पाहिजे, आणि तो तर आमच्याकडे पोत्याने आहे. जोवर कुणी कुणाला मागे उभं करतंय, तोवर हे संपत नाही. कानाला त्रास होतो म्हणता? व्हावा. त्यासाठीच आहे ते.

पुढे कॉलेजात आमचा सत्कार ठेवला. तेच गाणं, त्याच सहाजणी, समोर पाहुणे. पहिलं कडवं मी ओठ हलवून काढलं. दुसऱ्याला पुढचीच्या हातातला माईक ओढून घेतला.

"हाऽऽ हुर्रऽऽऽ!"

मचाणावरचा हाकारा, पूर्ण ताकदीने. माईक स्पीकरसमोर गेला आणि हॉलभर कर्कश शिट्टी घुमली. पाहुण्यांनी कान झाकले. मी त्या शिट्टीच्या वर ओरडले, "मले गाऊ देल्लं नाई! मी मुकी नाई!"

कुणीतरी वायर उपटली. मी बिनमाईकची ओरडत राहिले. सर स्टेजवर धावत आले, माझा दंड धरला. "लाज नाही वाटत?"

"नाई," मी म्हटलं. "आता नाई वाटत."

पाचजणींतल्या एकीला रडू फुटलं. तिचं माझ्याशी वाकडं नव्हतं, तिचंही गाणं मी मोडलं. त्याचं मला वाईट वाटतं, पण दुसरा रस्ता मला आजही सापडत नाही. पोरगी डोक्याने सरकली आहे, असं कॉलेजने ठरवलं. होस्टेल सोडायला लावलं. कुणीतरी मोबाइलवर काढलेला व्हिडिओ माझ्या आधी हिवरखेडला पोचला.

बाबांचा फोन आला. "काहून केलं व असं?"

मी सगळं सांगितलं. महोत्सवात मी गायलेच नव्हते, नुसते ओठ हलवले, हेही. बाबा एवढंच म्हणाले, "मंग मी कोनाचा आवाज आयकला?"

फोन ठेवला त्यांनी. त्यानंतर उचलला नाही. घरी गेले तर ते शेतात निघून जातात. आई म्हणते, त्यांना तुझ्या ओरडण्याचा राग नाही, गावासमोर आपण येडे ठरलो याचा आहे. त्यांच्याकडे एकच मोठी गोष्ट होती, माझा आवाज ओळखायची, आणि ती मी त्यांच्याकडून हिसकून घेतली. सरांनी की मी? विचार करून डोकं फुटायची वेळ येते.

आता मी अकोल्यात मोबाइलच्या दुकानात काम करते. सुट्टीच्या दिवशी रोशनी, मी आणि लग्नाच्या बँडात ताशा वाजवणारा फिरोज, कापसाच्या एका जिनिंगच्या बंद गोदामात वाजवतो. वर तापलेला पत्रा, खाली सरकीची धूळ. घसा सोलून निघतो. थुंकीत कधी रक्त येतं. दहा-बारा लोक येतात. त्यांत एक एसटीचा कंडक्टर आहे, दिवसभर शिव्या गिळून आलेला. तो कोपऱ्यात उभा राहून आमच्याबरोबर नुसता ओरडतो आणि शांत होऊन घरी जातो. मी मात्र शांत होत नाही. ज्या एका माणसाने ऐकावं, तो येत नाही.

म्हणून येत्या बाजाराच्या दिवशी आम्हीच हिवरखेडला जाणार आहोत. फिरोजने टेम्पो पाहिलाय. भोंगे, बॅटरी, ताशा, गिटार, सगळं भरायचं आणि बाजाराच्या तोंडाशी उभं राहायचं. लोक हसतील. दगडही येतील. बाबा दार लावून घेतील, मला माहीत आहे. लावू देत. बाजारापासून आमचं घर लांब नाही, आणि दाराच्या फळ्यांनी अडेल असा माझा आवाज नाही. गोड वाटो की किळस येवो, या वेळी त्यांच्या कानावर जो पडेल तो माझाच असेल.