आप्पांचं हृदय आणि आमचं तर्कशास्त्र

पुढचं सगळं मला नीट आठवतंय, याची मी खात्री देऊ शकत नाही. माझी बायको सुमन म्हणते, की मी सांगतो त्यातल्या निम्म्या गोष्टी घडलेल्या असतात आणि निम्म्या मला घडायला हव्या होत्या. कुठल्या निम्म्या, ते ती सांगत नाही.

बेळगावातल्या एका कॉलेजात मी आयुष्यभर तर्कशास्त्र शिकवलं. माणूस हा विचार करणारा प्राणी आहे, हे वाक्य फळ्यावर किती वेळा लिहिलं असेल, देव जाणे. देव जाणे, असं तर्कशास्त्राच्या माणसाने म्हणू नये. पण तोंडातून जातं. निवृत्तीनंतर लक्षात आलं, की या वाक्याविरुद्धचा पुरावा कॅम्पातल्या एका चहाच्या टपरीसमोरच्या बाकावर रोज सकाळी गोळा होतो. एक किस्सा ऐकून आपण हसतो, त्यावरून शेजारच्याला दुसरा आठवतो, आणि चहा पिऊन पैसे देणारा तिसराच माणूस जाता जाता आपला एक ठेवून जातो.

बाकावर आम्ही तिघं. मी, निपाणीचे कांबळे, सरकारी बांधकाम खात्यातून इंजिनिअर म्हणून निवृत्त झालेले, आणि हिंडलग्याचे आप्पा. आप्पांनी बँकेत नोकरी केली आणि घरची शेतीही सोडली नाही. तिघांत वयाने तेच मोठे.

त्या वर्षी फिरताना आप्पांच्या छातीत दुखायला लागलं. बेळगावच्या डॉक्टरांनी तपासलं. हृदयाच्या तीन नसा तुंबलेल्या, बायपास करा, आणि फार थांबू नका, असं सांगितलं. आप्पा म्हणाले, “बघू.”

हे ‘बघू’ बरेच आठवडे चाललं. आप्पांचं फिरणं बंद झालं, पण ते रिक्षाने बाकावर यायचे. आम्ही त्यांना ऑपरेशनला तयार करायचं आणि त्यांनी विषय बदलायचा, असा रोजचा कार्यक्रम. खालचं सगळं त्या दिवसांतलं आहे.

* * *

आप्पांनी बदललेला एक विषय म्हणजे मांजर.

एकदा ते स्कूटरवरून गावाकडे चालले होते. मांजर आडवं गेलं. आप्पा थांबले. दुसरं कुणी आधी पुढे गेलं म्हणजे आपण जायला मोकळे, हा नियम. पण समोरून येणारा मोटारसायकलवाला त्याच नियमाचा. तोही थांबला. मांजर दोघांच्या मधे बसून अंग चाटायला लागलं.

“मग?” कांबळ्यांनी विचारलं.

“मग काय. त्यो म्हणाला, तुमी व्हा पुढं. मी म्हणालो, न्हाय, तुमी पावणं. आसं लई येळ चाललं. शेवटी दोघंबी गाड्या लावून बांधावर बसलो. गाव कुठलं, घरात कोण कोण, सगळं निघालं. त्येंचा पोरगा लग्नाचा, माझी पुतणी लग्नाची. जमलं की.”

कांबळे म्हणाले, “म्हणजे आप्पा, मांजर शुभ ठरलं.”

“मांजर कशाला शुभ आसंल?” आप्पा म्हणाले. “थांबणं शुभ.”

मी घाबरून कांबळ्यांकडे पाहिलं. छातीत तीन नसा तुंबलेल्या माणसाने एवढ्या खात्रीने काढावा असा हा निष्कर्ष नव्हता.

* * *

कांबळे स्वतः कडक विज्ञानवादी. त्यांचे वडील निपाणीत तंबाखूच्या वखारीत मजुरी करायचे. दीक्षा घेतल्यावर त्यांनी घरातले देव, गंडे, दोरे सगळं बाहेर काढलं आणि मुलांना शाळेत घातलं. कांबळ्यांनी घराचा स्लॅब मुद्दाम अमावास्येला टाकला. वर कारणही व्यवहारी दिलं: “त्या दिवशी कुणी काम काढत नाही. गवंडी, मिक्सर, सगळं हाताशी असतं.”

एका रविवारी मी त्यांच्या घरी गेलो. टीव्हीवर क्रिकेटची मॅच चालू होती. कांबळे स्टुलावर बसले होते. शेजारी गुबगुबीत सोफा रिकामा.

“सोफ्यावर बसा की,” मी म्हणालो.

“राहू दे सर.”

आतून त्यांच्या मिसेस म्हणाल्या, “ते उठणार न्हाईत. बल्ब बदलायला स्टूल घेटलं होतं, जरा टेकले आणि चौकार गेला. तवापासनं तिथंच हाईत. जेवणबी तिथंच दिलंय.”

मी म्हणालो, “कांबळे, तुमचं स्टूल आणि तो चौकार, यांत कार्यकारणसंबंध काय?”

“काही नाही,” कांबळे पडद्यावरची नजर न काढता म्हणाले. “मी संबंध आहे म्हणतच नाही सर. मी फक्त रिस्क घेत नाही.”

दुसऱ्या दिवशी बाकावर मी हे आप्पांना सांगितलं. आप्पा पोट धरून हसले. इतकं हसणं त्यांना चालेल का, या विचाराने मी मध्येच गोष्ट आवरती घेतली.

* * *

आता माझं सांगतो, नाहीतर मी दुसऱ्यांचीच थट्टा करतो असं होईल.

घराबाहेर पडलं, की गॅस बंद केला का, ही शंका मला धरते. आपण तो बंद केला हे आपल्याला आठवतं. पण आठवणं म्हणजे पुरावा नव्हे. एकदा लोंढ्याला एका लग्नाला जाताना खानापूरला उतरून मी परतीची बस धरली होती. गॅस बंद होता. लग्न मात्र लागून गेलं.

सुमनने उपाय काढला. निघताना शेगडीचा मोबाइलवर फोटो काढायचा आणि शंका आली की पाहायचा. उपाय चांगला होता. पहिल्याच प्रवासात बसमध्ये मी मोबाइल काढून फोटो पाहिला. बटणं बंद दिसत होती. मी समाधानाने मान टेकली. पाच मिनिटांनी पुन्हा उठून बसलो.

“आता काय झालं?” सुमन म्हणाली.

“फोटो काढल्यावर तू चहा केलास का?”

ती खिडकीकडे तोंड करून म्हणाली, “अहो, पुढच्या वेळी शेगडीच बरोबर घेऊ.”

आप्पांना हा किस्सा फार आवडला. “सर, तुमी आसताना ऑपरेशन कसं करून घ्यायचं? डॉक्टरनं टाकं घाटल्यावर तुमी म्हणनार, परत एकदा उघडून बघा.”

* * *

टपरीवर एक निवृत्त सुभेदार यायचे. आप्पांच्या ऑपरेशनची बातमी त्यांच्यापर्यंत गेली. ते मुद्दाम बाकाजवळ आले आणि आप्पांना म्हणाले, “बायपासच्या भानगडीत पडू नका. माझ्या मेव्हण्याने केलं होतं. वारला.”

आप्पांचा चेहरा उतरला. मी चाचरत विचारलं, “ऑपरेशनमध्येच?”

“नाही, नाही. बऱ्याच वर्षांनी. नारळाच्या झाडावरून पडला.”

कांबळे उसळले. “मग त्यात बायपासचा काय दोष?”

सुभेदार शांतपणे म्हणाले, “साहेब, आधी त्याला दोन पायऱ्या चढवत नव्हत्या. बायपास केलं नसतं तर तो झाडावर चढला असता का?”

वर्गात असा प्रश्न आला असता, तर मी घंटेकडे पाहिलं असतं.

* * *

मग मी ठरवलं, की आपल्या शिक्षणाचा मित्राला काही उपयोग व्हायला हवा. रात्रभर मनात मुद्दे जुळवले आणि सकाळी आप्पांसमोर मांडले. ऑपरेशन केलं तर धोका किती, नाही केलं तर किती. शंभरातली बहुतेक माणसं या ऑपरेशनमधून बरी होऊन घरी जातात. न करणाऱ्यांचं तसं नाही. म्हणून करणं शहाणपणाचं.

आप्पांनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाले, “सर, शंभर मान्सं म्हणता ती कोन हायत मला ठावं न्हाय. मी एकटाच हाय न्हवं?”

कांबळ्यांनी आणखी तीन चहा सांगितले.

चहा आल्यावर आप्पांनीच माझ्या गुडघ्यावर हात ठेवला. “भ्या वाटतंय ओ, दुसरं काय न्हाय. रात्री कूस बदलताना वाटतं, हीच कूस शेवटची. आक्काला सांगू नका.”

आक्का म्हणजे त्यांची बायको. गावात सगळेच त्यांना आक्का म्हणतात, आम्हीही. त्यांना सांगायची गरज नव्हती. त्याही जाग्याच असायच्या, हे सुमनला त्यांनीच सांगितलं होतं.

* * *

एके दिवशी आप्पा म्हणाले, “ठरलं. देवीला कौल लावायचा. ती सांगंल तसं.”

आमच्या भागात ही रीत जुनी आहे. गुरव देवीच्या अंगावर उजव्या आणि डाव्या बाजूला फुलाची ओली पाकळी चिकटवतो. मग प्रश्न मोठ्याने सांगतो आणि सगळे वाट पाहत बसतात. उजवी पाकळी आधी पडली तर होकार, डावी पडली तर नकार. लग्न, विहीर, भावकीतलं भांडण, सगळं या दोन पाकळ्यांवर ठरतं.

कांबळे भडकले. “आप्पा, तुमचा जीव तुम्ही पाकळीवर टांगणार?”

“तुमी स्टुलावर मॅच टांगता, ते चालतंय व्हय?”

आक्कांनी आम्हाला बरोबर यायला सांगितलं. कांबळे म्हणाले, मी आत येणार नाही, बाहेर चपलांपाशी थांबतो. थांबले, पण प्रश्न सांगायची वेळ झाली तेव्हा ते माझ्या मागे उभे होते. चपला बाहेर तशाच.

आप्पांनी गुरवाच्या कानात प्रश्न सांगितला. गुरवाने हात जोडून तो मोठ्याने म्हटला: “आई, तुझं लेकरू दारात आलंय. बेळगावात हृदयाचं ऑपरेशन करून घ्यावं का, ते सांग.”

आम्ही पाहत राहिलो. मला पाकळ्यांचं वजन, पाण्याचं वाळणं, खिडकीतून येणारा वारा, सगळं दिसत होतं आणि तरी मी मनात ‘उजवी, उजवी’ म्हणत होतो. डावी पाकळी हलली, घसरली आणि पडली.

आक्कांनी पदर तोंडाला लावला. आप्पा मूर्तीकडे पाहत बसले.

तेव्हा मला तर्कशास्त्र सुचलं. मी गुरवाजवळ वाकून म्हणालो, “प्रश्न उलटा विचारता येईल का? ‘करू नये का’ असं?” माझा हिशोब असा, की डावीच पाकळी पडायची सवय असेल तर पुन्हा डावीच पडेल, आणि मग ‘करू नये’ला नकार, म्हणजे करायला होकार.

गुरवाने माझ्याकडे चमत्कारिक नजरेने पाहिलं. पण आक्का म्हणाल्या, “इचारा वो.” त्याने नव्या पाकळ्या लावल्या आणि विचारलं: “आई, बेळगावात ऑपरेशन करू नये का?”

या वेळी उजवी पडली.

म्हणजे नको. आधीही नको, आताही नको. इतकं सुसंगत उत्तर मला एवढ्या वर्षांत एकाही विद्यार्थ्याने दिलं नव्हतं. आक्का हुंदका देऊन रडायला लागल्या. कांबळ्यांनी माझा दंड धरला आणि हळूच म्हणाले, “सर, हात जोडतो, आता काही सुचवू नका.”

आप्पा उठले. देवीला नमस्कार केला. धोतराचा सोगा सारखा केला आणि आक्कांना म्हणाले, “रडतीस कशाला गं? आई बेळगावात नगं म्हणती. कोल्हापूरला जाऊया.”

आक्कांचं रडणं थांबलं. गुरव म्हणाला, “व्हय की. कोल्हापूरचं काय इचारलंच न्हाय.” त्याने प्रसादाचा नारळ आप्पांच्या हातात दिला. आम्ही बाहेर आलो. चपला होत्या.

पुण्याहून आप्पांचा मुलगा आला आणि त्यांना कोल्हापूरला घेऊन गेला. मला कुणी बरोबर नेलं नाही. माझ्या स्वभावामुळे नेलं नसावं, आणि ते योग्यच होतं. ऑपरेशन नीट झालं. दोन महिन्यांनी आप्पा बाकावर हजर झाले आणि त्यांनी सगळ्यात आधी कांबळ्यांच्या स्टुलाची चौकशी केली. आजही ते येतात. कौलाचा विषय निघाला, की कांबळे म्हणतात, “नशीब, देवीला कोल्हापूरचं कुणी विचारलं नाही.” आप्पा चहात बिस्किट बुडवतात.

हे सगळं होऊन काही वर्षं झाली. मध्यंतरी माझ्या छातीत कळ आली. ती पित्ताची होती, पण सुमनने मला बेळगावच्या त्याच डॉक्टरांकडे नेलं. तपासणी झाल्यावर मला वाटलं, त्यांची जरा क्षमा मागावी. मी म्हणालो, “डॉक्टर, आमचे एक मित्र तुमच्याकडे दाखवून गेले आणि ऑपरेशन कोल्हापूरला करून आले. तुमच्यावर अविश्वास नव्हता. घरची काही अडचण होती.”

“हिंडलग्याचे आप्पा ना?” डॉक्टर म्हणाले. “मीच केलं की त्यांचं ऑपरेशन. मी गुरुवारी कोल्हापूरला असतो.”

मला नीट ऐकू आलं नसेल असं वाटून मी पुन्हा विचारलं. त्यांनी पुन्हा तेच सांगितलं.

“पण आप्पांना हे केव्हा कळलं?”

“त्यांनीच विचारलं होतं. पहिल्याच तपासणीला. बेळगाव सोडून तुम्ही आणखी कुठं ऑपरेशन करता, म्हणून.”

घरी आल्यावर मला आप्पांनी गुरवाच्या कानात सांगितलेलं ‘बेळगावात’ आठवलं आणि शंका आली, की पहिली तपासणी कौलाच्या आधी होती की नंतर. आपलं आठवणं म्हणजे पुरावा नव्हे. मी आक्कांना फोन केला. त्या म्हणाल्या, “कौलाच्या लई आधी. का वो सर?”